भूल म्हणजे चूक नाही

त्या डॉक्टरचा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि नवरा उठून खिडकी लावून घेतो. लावू दे. इथं रायपूरच्या शंकर नगरात आमच्या शेजाऱ्यांना मराठी अर्धीच कळते, तरी यालाच लाज.

झालं असं की माझी खालची दाढ किडली आणि तिच्या मुळाशी पू झाला. गाल टम्म फुगला, ठणका पार कानात. नवऱ्याला फोन करून म्हटलं, चला संगं. त्याचं ऑफिस नवा रायपुरात. तिथून दुपारचं निघायचं म्हणजे जसं काही याच्याविना अख्खं मंत्रालय बंद पडणार होतं. "दातच त आहे, जाऊन ये ना ऑटोनं," म्हणाला. दात त्याचा असता तर सगळं खानदान गोळा केलं असतं. पण ते जाऊ द्या, आज त्याच्यावर नाही बोलायचं.

दाढ काढायची मला भीती नव्हती. भीती होती भुलीच्या इंजेक्शनाची, आणि ती उगीच नव्हती. आम्ही अमरावतीला असताना एकदा असाच दात काढायला गेले होते. इंजेक्शन दिल्या दिल्या छाती अशी धडधडायला लागली की मला वाटलं, आटोपलं माझं. हातपाय लटलट कापत होते, दरदरून घाम सुटला होता. तिथले डॉक्टर वयस्कर होते. ते माझी नाडी धरून बसून राहिले, जीव ठिकाणावर आल्यावरच बोलले. म्हणाले, भुलीच्या औषधात बरेचदा रक्तवाहिन्या आवळणारं दुसरं एक औषध असतं, म्हणजे भूल टिकते. ते एकदम रक्तात गेलं की छाती अशी उडते. "पुढच्या वेळी खुर्चीत बसायच्या आधीच सांगायचं बाई. ते हळूहळू देतील, नाही तर साधी भूल देतील. आणि तुम्हाला चढायला वेळ लागतो, तेही सांगा." तेव्हापासून हे वाक्य मी पाठ करून ठेवलं होतं. आता तर बीपीची गोळीही सुरू आहे. म्हणजे हा माझ्या जिवाचा प्रश्न होता, काही हौस नव्हती.

तर मी सांगितलं. खुर्चीत बसायच्या आधीच सांगितलं. दवाखाना चकचकीत, एसी असा की स्वेटर घालावा. डॉक्टर तरुण, मास्क हनुवटीला, डोळे मोबाइलात. मी माझ्या हिंदीत म्हटलं, "डॉक्टर साहब, मेरे को पिछली बार भूल से बहुत तकलीफ हुई थी। छाती में बहुत धड़धड़ हुई थी।"

"कोई बात नहीं आंटी," तो मान वर न करता म्हणाला, "इस बार कोई भूल नहीं होगी।"

मी दचकून विचारलं, "मतलब? बिना भूल के निकालोगे?"

"बिल्कुल बिना भूल के। हमारे यहाँ भूल का काम ही नहीं।"

अरे बाप्पा! हा पोट्टा माझी दाढ तशीच उपटणार! मी पर्स उचलली आणि दाराकडे वळले, तर तिथल्या मदतनीस पोरीनं खांदे धरून मला खुर्चीत बसवलं. "बैठो ना आंटी, डरो मत।" समोरच्या ताटलीत सुई दिसली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हिंदीत भूल म्हणजे चूक. मी त्याला सांगत होते की इंजेक्शनानं त्रास झाला, आणि त्यानं ऐकलं की मागच्या डॉक्टरची चूक झाली होती. तो मला छातीठोकपणे गॅरंटी देत होता. दुसऱ्या कुणाच्या दाढेचं असतं तर मी पोट धरून हसले असते.

मी घाईघाईनं म्हटलं, "नहीं नहीं, वो सुन्न करने वाली सुई से तकलीफ हुई थी। और बीपी की गोली—"

"हाँ हाँ, वही सुई लगा रहे हैं। मुँह बड़ा खोलिए।"

इथं कोणती भाषा आडवी आली, सांगा मला! सुन्न त्याचाच शब्द, सुई त्याचाच, बीपी तर साऱ्या जगाचा. पण ऐकायचंच नाही म्हटल्यावर कोणत्याही भाषेत बोला. बीपीचं यंत्र कोपऱ्यात पडलं होतं. माणसानं हात लावावा ना त्याला! नाही लावला.

सुई टोचली आणि औषध एका दमात दाबून रिकामं केलं. आणि झालंच. छाती उडायला लागली, हात कापायला लागले. मी बोलायचा प्रयत्न केला तर म्हणतो, "घबराहट है आंटी, लंबी साँस लो।" मदतनीस पोरगी हसली. लेडीज लोग ऐसे ही डरती हैं, म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण तोंडात कापसाचे बोळे आणि छातीत इंजिन, बोलणार काय!

मग तो थांबला का? नाही. ओठ जड झाला का, जीभ बधिर झाली का, एक अक्षर विचारलं नाही. हिरडीला टोचून पाहिलं नाही. चिमटा घेतला आणि दाढ धरून हलवली. ओठ अजून माझाच होता हो, हिरडीही माझीच होती, आणि त्या पू झालेल्या दाढेची कळ अशी आली की ब्रह्मांड आठवलं. मी हात वर केला. त्या पोरीनं तो खाली दाबला. पुन्हा केला, पुन्हा दाबला. आणि हा वरून मला शिकवतो, "दर्द नहीं है आंटी, सिर्फ दबाव है।"

माझ्या दाढेत काय होतंय ते तू सांगणार मला?

मी त्याचं मनगट पकडलं. असं पकडलं की चिमटा खाली पडला. बोळे थुंकले आणि ओरडले, मराठीतच ओरडले, कारण त्या वेळी दुसरी कोणती भाषा सुचते? "दुखून राहिलं म्हणतो ना मी! मरून राहिली मी इथं, अन् तू मले दबाव सांगतं का?" बाहेर बसलेले पेशंट दारात जमले. एक बाई तर आपल्या पोरीला घेऊन निघूनच गेली.

तेव्हा कुठे त्याचा चेहरा उतरला. पाणी दिलं. यंत्र आणलं, दंडाला गुंडाळलं, आकडा पाहून पुन्हा एकदा मोजलं. छाती शांत होईपर्यंत त्यानं मला बसवून ठेवलं. आणि मग हळूच म्हणतो, "आपने तो भूल बोला था न आंटी, हमको क्या पता।"

"और हाथ उठाया था, वो कौन सी भाषा में था?" मी विचारलं. तो माझ्या दंडाचा पट्टा सोडवायला लागला.

पुढे त्यानं जे केलं, तेच मला सगळ्यात जास्त झोंबतं. उठला, कपाट उघडलं आणि दुसरी बाटली काढली. दुसरं औषध न मिसळलेली साधी भूल. तिथंच होती, हाताच्या अंतरावर. सुई टोचून आधी दट्ट्या जरासा मागे ओढला, रक्त येतं का पाहिलं, मग थेंबथेंब औषध सोडलं. मग बसून राहिला. "होंठ भारी लगा?" विचारलं. मी नाही म्हटलं तर आणखी थांबला. जीभ, ओठ, हनुवटी बधिर झाली तेव्हा हिरडीला टोचून विचारलं, आणि माझ्या मानेकडे पाहत राहिला. मी मान हलवल्यावरच चिमटा उचलला. दाढ निघाली तरी मला पत्ता नाही. ताटलीत टणकन आवाज झाला तेव्हा कळलं.

म्हणजे येत होतं त्याला. सगळं येत होतं! शिकलेला होता, हात चांगला होता, औषध होतं, यंत्र होतं. मला वाटलं होतं अडाणी असेल. अडाणी असता तर मी माफ केलं असतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, दुखण्याचं नाही, निव्वळ संतापाचं.

त्यानं हातमोजे काढले आणि म्हणाला, "देखा आंटी? कुछ हुआ क्या? आप फालतू में डर रही थीं।"

मी उठून उभी राहिले आणि त्याच्या तोंडावर सांगितलं, येत होतं तर आधी काहून नाही केलं? पण अर्धं तोंड बधिर, दातांमध्ये बोळा, लाळ ओघळून राहिली, काय शब्द फुटले देव जाणे.

"वेलकम आंटी, वेलकम," तो म्हणाला, आणि पुढच्या पेशंटला आवाज दिला.