डाव्या सीटचा लिव्हर

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. इलियासभाई म्हणाले, "भाभी, जल्दी शेडवर या," आणि फोन ठेवून दिला... मी काय ते समजले. तरी उरलेली मेथी निवडून संपवली, हात धुतले आणि मग निघाले. आता महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात, रडतात. मी त्यांना चहा करून देते.

माझे यजमान दत्तात्रय आणि इलियासभाई, दोघांची जालन्याच्या एमआयडीसीत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायची शेड. पोट ट्रॉल्यांवर, जीव मात्र एका गाडीत. जुन्या जीपचा सांगाडा, वर पाइपांचा पिंजरा, भलेमोठे टायर. केदारखेड्याकडच्या दगडगोट्यांच्या ओढ्यांत ती चालवायची होती. अरुंद जागेत वळायचं तर मागचीही चाकं वळायला हवीत, आणि ती कशी वळवायची यावर दोघांचं एकमत होईना. इलियासभाई म्हणायचे, पुढच्या स्टिअरिंगलाच जोडून टाकू, कटकट मिटेल. यांना वेगळा हायड्रॉलिक लिव्हर हवा होता. "मागची चाकं मला पायजे तवाच वळली पायजेत. न्हाई तं सपाट रस्त्यावर बी गाडी शेपूट हलवीत चालल."

मग यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं सावरलं, पाय सावरला, डाव्या हाताची पकड गेली ती गेलीच. उजवा हात स्टिअरिंगवर, मग लिव्हर धरणार कशानं? प्रश्न आपोआप सुटला असं सगळ्यांना वाटलं, मलाही. पण 'जोडून टाका' हे काही यांच्या तोंडून निघेना. शेडवर जायचे, गाडीभोवती चक्कर मारायचे, परत यायचे. हट्टी माणूस, हे मला लग्नापासून ठाऊक. पण हा हट्ट नव्हता. जोडा म्हणणं म्हणजे हात गेला हे कबूल करणं होतं. मला त्यांची दया यायची आणि तितकाच रागही यायचा.

एके दिवशी म्हणाले, "बूट घाल, शेडवर चल." लिव्हर बसवून झाला होता, पण डाव्या सीटच्याही पलीकडे, बाहेरच्या पाइपाला.

"अहो, इथं तुमचा हात कसा पोचणार?"

"न्हाईच पोचत. मधी ठेवला अस्ता तं मी सारखा हात घातला अस्ता. मागची चाकं तुह्याकडं."

पहिल्याच दिवशी मी गाडी खेकड्यासारखी तिरकी नेऊन बाभळीत घातली. "बिलकुल उल्टं केलं!" म्हणून हे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पुढे जमायला लागलं. ते समोर बघायचे, मी मान वळवून मागे. नीट वळली की म्हणायचे, "बराबर." संसारात मला इतक्या सहज 'बराबर' कधी मिळालं नव्हतं, सांगून ठेवते. ओढा आम्ही एकदाच पार केला. त्या दिवशी हे घरी येऊन पोटभर जेवले. थोड्याच दिवसांत, शेडवर खुर्चीत बसल्या बसल्या, दुसरा झटका आला...

परवा इलियासभाईंनी बोलावलं. "भाभी, गाडीला गिऱ्हाईक आलंय. पर त्याला एकट्याला चालवायचीय. लिव्हर मधी घेऊ का?"

"नको."

"मंग चालवणार कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

मी डाव्या सीटवर जाऊन बसले. शेजारची सीट यांच्या लांब पायांसाठी पार शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवलेली होती. इलियासभाई बुटके. गाडी चालू करायला चढले आणि सीट पुढे ओढायला त्यांनी खाली हात घातला.

"राहू द्या ती तशीच," मी म्हणाले. एवढ्या दिवसांत मला काही हवंसं वाटलं ते हेच.

त्यांनी हात काढून घेतला. मग सीटच्या कडेवर कसेबसे टेकले, पाय ताणून क्लचपर्यंत नेला आणि गाडी चालू केली.