पेशीत नसलेलं वेटोळं

लातूरच्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे, तेव्हा पोरं माघारी मला 'वेटोळेबाई' म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि लई आवडायचंही. जिवाणूची पेशी फळ्यावर काढावी तर मीच! आधी लांबट अंडाकृती, मधे डीएनएचा गुंता, आणि शेवटी लाल खडूनं, पेशीच्या आवरणातून आत वळलेलं एक सुबक वेटोळं. मेसोसोम. वर्ग चिडीचूप. मग कडक इस्त्रीच्या सुती साडीतली ती तिशीतली शहाणी, म्हणजे तेव्हाची मीच, गर्रकन वळायची. "एवढ्याशा जिवाला श्वास घ्यायला केवढी सोय करून ठेवलीय, बघा!" आज ती समोर आली तर तिच्या हातातला खडू काढून घेईन आणि म्हणेन, बस खाली, बावळट.

हे वेटोळं तिनं उचललं होतं आमच्या विभागप्रमुख सरांकडून. सर अधूनमधून माझ्या वर्गाच्या दाराशी उभे राहून ऐकायचे आणि स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत म्हणायचे, "मेसोसोम शिकावा तर बाईंकडून." त्या एका वाक्यावर मी निवृत्त होईपर्यंत तरंगले.

आता मी नांदेडला लेकाकडं असते. नात सूक्ष्मजीवशास्त्रात एमएस्सी करते. परवाच्या उन्हाळ्यात ती पेशीचं चित्र काढत बसली होती आणि मी सवयीनं नाक खुपसलं.

"अगं, मेसोसोम विसरलीस की!"

"आज्जी, तो नसतोच."

"नसतो म्हंजे? मग मी जन्मभर काय शिकवलं?"

"खोटंच शिकवून राहिली होतीस तू," म्हणून ती फिदीफिदी हसली. मग माझं तोंड बघून मोबाइलवर दोन फोटो दाखवले. जिवाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा तर आधी त्याला रसायनात मारून, सुकवून, कापावं लागे. त्या रसायनानं आवरण आक्रसून आत मुडपायचं. तेच फोटोत दिसलं, त्यालाच अवयव समजले, त्याला नाव दिलं, कामं नेमून दिली. पुढं जिवाणू क्षणात गोठवून बघायची रीत आली, तर वेटोळं गायब! वाळताना पापडाची कड वर वळावी, तिला आपण पापडाचा कान म्हणावं आणि त्या कानाला ऐकू येतं असं पोरांना शिकवावं, तशातली गत.

"हे कळलं कधी?"

"लई जुनं हाय. तू शिकवत होतीस तेव्हाच."

विज्ञानाचा मला राग आला नाही. ते चुकतं, मग सुधारतं, हे मी पहिल्याच तासाला सांगायचे. मला उलट गंमत वाटली. सरांना फोन लावला. म्हटलं, दोघं मिळून आपल्या मूर्खपणावर हसू.

"हां, ते होय," सर शांतपणे म्हणाले. "एका प्रशिक्षणात सांगितलं होतं आम्हाला. तुम्ही नुकत्याच लागला होतात तेव्हा."

मी फोन ठेवला. मेसोसोम गेला तर जाऊ दे. पण ती शाबासकी? तीही तशीच खोटी होती का, एवढं मला कळायला हवं होतं. दोन दिवसांनी लातूरची बस धरली.

सरांनी स्वतः चहा केला. मी कपाला हात लावला नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं, आणि दारात उभं राहून मान डोलावत होतात?"

"बाई, पुस्तकात तेच होतं, परीक्षेत तेच येत होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर पुढच्याच तासाला तुम्ही वर्गात सांगून मोकळ्या झाला असतात. पोरांनी मेसोसोम काढला नसता, मार्क गेले असते. लातुरात मार्क गेले की काय होतं, मी सांगू तुम्हाला?"

खरं होतं. त्या तिशीतल्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. आणि ते खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं.

"पोरांचं राहू द्या. माझ्या एकटीच्या कानात तरी सांगायचं. 'नसतो, पण शिकवा.' शिकवला असता मी."

"मग तो रंग भरला नसता."

"म्हणजे तुम्ही मला मास्तरीण समजत होतात का नटी?"

सरांनी माझा गार झालेला कप पुढं सरकवला.

"'शिकावा तर बाईंकडून', ते तरी खरं होतं?"

"अगदी खरं," सर घाईनं म्हणाले. "चित्र तुमच्यासारखं कुणाचंच नव्हतं."

चित्र. शिकवणं नव्हे.

 झोंबलेलं लपवायला मी नेहमीसारखी खोडी काढली. "सर, असं आणखी काय काय ठाऊक होतं हो तुम्हाला, मला न सांगितलेलं?"

मला वाटलं, हसतील. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसायला घेतला, आणि पुसतच राहिले.

मी खुर्ची पुढं ओढली.

"सांगा आता. बस चुकली तरी चालंल."