डाव्या हातचा चहा

माझ्या अंगावरनं वारं गेलं ते सकाळच्या पारी, कांड्या भरता भरता. वडगावात आमच्या गल्लीत अजून माग चालतात. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसते, ती भरून द्यायचं काम नवरा गेल्यापासनं मी घरातच करत होते. सूत तुटलं म्हणून गाठ मारायला गेले, तर उजवा हात उठेना. वाटलं, मुंग्या आल्या असतील. पाय झाडून उठायला गेले, तर उजव्या पायानंही अंग काढून घेतलं. तीन आठवडे दवाखान्यात काढले. जीभ तेवढी शाबूत राहिली. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, डॉक्टरांपुढंच म्हणाला, "हिच्या जिभेच्या वाटंला जायचं वाऱ्याला बी धाडस झालं न्हाय." मी पडल्या पडल्या त्याला चार शिव्या हासडल्या, तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

अण्णा संकेश्वरला असतो. मला मूल-बाळ नाही. अशा बहिणीला एकटी कशी सोडायची, म्हणून त्यानं त्याच्या घरातली स्वयंपाकघराशेजारची खोली माझ्यासाठी करायला घेतली. उंबरा काढायचा, कमोड बसवायचा, सगळं व्हायला दीड महिना लागणार होता. "तवर हितं ऱ्हा. ऊस गेला की न्यायला येतो, कायमची," तो म्हणाला. त्यानं ते मायेनंच म्हटलं. पण 'कायमची' ऐकून मी तोंड भिंतीकडं फिरवलं. भाऊ देवमाणूस, वहिनीही चांगली. पण या दोन खोल्यांत मी तीस वर्षं माझ्या मनाची राणी होते. तिथं चहाची तल्लफ आली तरी कुणीतरी विचारायची वाट बघत बसायचं. हे सांगणार तरी कुठल्या तोंडानं? मला धड पाणी पिता येत नव्हतं.

त्या दीड महिन्यासाठी बाई आली. दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी एका संस्थेचं नाव सांगितलं होतं, तिथनं अण्णानं तिला बोलावलं. खानापूरकडची, चाळिशी ओलांडलेली, ठेंगणी, घरात कन्नड बोलणारी. अण्णाला वाटलं मोलकरीण मिळाली, मलाही तसंच वाटलं. पहिल्या दिवशी ती खाटेशेजारी बसली आणि म्हणाली, "आक्का, तुम्हांला काय पायजे ते सांगा."

"मला ह्याच घरात ऱ्हायचं हाय," मी म्हटलं आणि ढसाढसा रडले. महिन्यात कुणी मला हे विचारलंच नव्हतं.

"बरं. मग आधी पाणी प्यायचं बघू," ती म्हणाली. तांब्या माझ्या डाव्या बाजूला ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहिली.

तांब्या सांडला, गाऊन भिजला. बाई जागची हलली नाही. दुसऱ्यांदा सांडला. "निधान, आक्का, निधान," एवढंच म्हणाली. कन्नडमध्ये निधान म्हणजे सावकाश. मी ओरडले, "निदान फडकं तरी दे गं मला!" तिनं फडकं दिलं, पण पुसायला मात्र मलाच लावलं.

त्या रात्री मी अण्णाला फोन केला. "कामाला बाई लावलीयास का बघ्या लावलाईस? नुसती बघत उभी ऱ्हाती."

खरा तंटा झाला तो जेवणावरनं. दवाखान्यातनं आल्यापासनं शेजारीण मला भरवत होती. तिचा जीव लई मोठा. बाईनं तिला हात जोडून थांबवलं आणि ताट माझ्या डाव्या हाताला सरकवलं. मी ताट ढकललं. डाव्या हातानं जेवायचं? लहानपणी डावा हात ताटाकडं गेला म्हणून आईनं पळी तापवून दाखवली होती. शिवाय आता संडासातलं कामही त्याच हाताकडं आलेलं. एकच हात, तो कुठं कुठं न्यायचा? हे मी तिला ओरडून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"साबण हाय की घरात," ती म्हणाली.

"देवाला काय सांगू?"

"देवाला सांगा, उजवा आजारी हाय. त्याला कळंल. तुमच्या शेजारणीला कळायला वेळ लागंल."

त्या दुपारी मी जेवले नाही. संध्याकाळी भूक लागली, तशी दोघींना बाहेर काढलं, दार लोटलं आणि डाव्या हातानं आमटी-भात खाल्ला. निम्मा मांडीवर, थोडा नाकावर. 'डाव्या हातचा मळ' असं ज्यानं पहिल्यांदा म्हटलं, त्याला माझ्यापुढं आणून उभा करा, बघते त्याच्याकडं. पण पोट भरलं, आणि कुणाच्या तोंडाकडं न बघता भरलं. मी बाईला हाक मारली नाही. ती आत आली, माझं तोंड बघितलं आणि चूळ भरायला पाणी ठेवून गेली. तेही माझ्यापासनं हातभर लांब.

उजव्या हाताला मात्र तिनं सुट्टी दिली नाही. "ह्याला पेन्शनीत काढायचं न्हाय, हलकं काम द्यायचं," म्हणायची. भाकरी मोडताना उजव्याच्या मनगटानं ताट दाबायचं, कांदा चिरताना तो घसरू नये म्हणून त्याच्या मुठीखाली दाबून धरायचा. सगळ्यात वाईट तो गॅस. बटन फिरवायला एक हात, लायटरला एक. शेवटी उजव्या मुठीच्या कडेनं बटन ढकलायचं आणि डाव्यानं लायटर मारायचा, असं जमवलं. त्याला नऊ दिवस गेले. सातव्या दिवशी मी पातेलं ढकलून दिलं, दूध ओट्यावरनं खाली. आवाज ऐकून शेजारीण धावत आली. बाई दारात आडवी झाली. शेजारीण तिला म्हणाली, "बाई हायस का कैदाशीण? माणूस तडफडतंय आत!"

मी आतनं बघत होते. बाईचे पाठीमागं बांधलेले हात मला पहिल्यांदा नीट दिसले. डाव्या हातानं तिनं उजवं मनगट इतकं आवळून धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मला वाटत होतं हिला काळीज नाही. मला भलतीच लाज वाटली. "कैदाशीण असू दे," मी शेजारणीला ओरडून सांगितलं, "माझी हाय ती. तू जा घरला." आणि भिंतीला टेकून, पायानं फडकं फिरवत, मी ते दूध पुसलं.

दीड महिना सरत आला. आंघोळ, कपडे, भात, संडासापर्यंत काठी टेकत जाणं, सगळं जमू लागलं. आणि अण्णाचा फोन आला, खोली तयार आहे, रविवारी गाडी घेऊन येतो.

मी बाईला म्हटलं, तो आला की मी त्याला चहा करून देणार. मी एकटी राहू शकते, हे तोंडानं सांगून त्याला पटायचं नाही. पण चहा केला तरी न्यायचा कसा? डाव्या हातात काठी, उजव्यात कप टिकत नाही. दोन दिवस आम्ही डोकं लावलं. शेवटी बाई म्हणाली, "कप न्यायचाच कशाला? पाव्हण्यालाच आत बोलवा." आमच्या घरात पुरुषमाणसाला चहा बाहेरच्या खुर्चीवर जातो. पण मी ओट्याजवळ स्टूल मांडून ठेवलं.

रविवारी अण्णा आला. माझे कपडे भरायला मोठी बॅग घेऊनच आला. मी आतनं हाक मारली, "अण्णा, आत ये, चहा घ्यायला." तो बिचकत आत आला, स्टुलावर बसला. मी काठी ओट्याला टेकवली, बटन ढकललं, लायटर मारला. पहिल्यांदा पेटलं नाही. तो उठायला लागला. "बस," मी म्हटलं. दुसऱ्यांदा पेटलं. आधण, पत्ती, साखर, दूध. सांडशीनं पातेलं उचललं, गाळणी कपावर होतीच. थोडा बशीत सांडला. मग कप त्याच्यापुढं केला, डाव्या हातानं.

हा माझा भाऊ देवळात प्रसादाला डावा हात कुणी केला तर पुजाऱ्याच्या आधी ओरडणारा. त्यानं कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग स्वतःचा उजवा हात मांडीवर तसाच ठेवून त्यानं डावा पुढं केला आणि कप घेतला.

एक घोट घेतला. डोळे भरलेले, तरी तोंड वाकडं केलंच. "साखर कमी हाय गं."

"मग घे की डब्यातली. तुला दोन हात हाईत न्हवं?"

तो हसला, रडला, साखर घेतली, सगळा चहा प्याला. जाताना बॅग त्यानं रिकामीच उचलली. "खोली हाय तशी ऱ्हाऊ दे. सणाला येशील न्हवं?" एवढंच विचारलं. भाऊ असावा तर असा.

दुसऱ्या दिवशी बाई निघाली. पिशवी खांद्याला लावून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, जाते."

मी भडकले. "जाते काय म्हणतीस गं? येते म्हणावं. तुमच्या कन्नडात बी जाऊन येते असंच म्हणत्यात की!"

"म्हणत्यात," ती म्हणाली. "पर मी परत यायचं म्हणजे तुम्हांला काय व्हावं लागंल, सांगा बघू."

रागाच्या भरात तिला 'जा हितनं' म्हणून कितीदा हाकललं होतं, मोजदाद नाही. आता तोच शब्द तोंडातनं बाहेर येईना. ती उभीच राहिली. घाई केली नाही, मदतही केली नाही.

"जा, बाई," मी शेवटी म्हटलं. "जा."