बेल्ट बांधणारा हात

परांचीवर चढणाऱ्या माणसाला रात्री झोप लागली का, हे तुम्ही कधी कुणाला विचारताना ऐकलंय?

आमच्या गल्लीतल्या बांधकामावर मी ऐकलं. तिथे उंचावर चढताना कुणी आपला सुरक्षेचा बेल्ट स्वतः बांधत नाही. जोडीदार बांधतो, खेचून बघतो आणि चेहराही बघतो. काल महादू गवंड्याचा बेल्ट आवळताना त्याचे जोडीदार, म्हातारे तात्या थांबले.

"डोळे का रे लाल?"

"झोपच येत नाय, तात्या. वर गेलं की गरगरतंय."

"घाबरला गडी!" परांचीवरून दुसरा गवंडी रफिक हसला.

"घाबरला नाय, बोलला. तू बोलतोस का कधी?" तात्यांनी महादूचा बेल्ट सोडवला. "आज खाली विटा भिजव. दुपारी दवाखान्यात जाऊ." मुकादमानेही मान हलवली.

रफिक हळूच खाली उतरला. "तात्या, मला बी नाय येत झोप."

बेल्टचा आकडा माणसाला धरतो, पण तो अडकवायला मन जागेवर लागतं. ते मन माणसांनीच सांभाळायचं असतं, आणि ते सांभाळता येतं.

तुमच्या सोसायटीत काम चालू असेल, तर उद्या खाली जा. मुकादमाला विचारा, इथे कोण कुणाचा बेल्ट बांधतं?