गाऱ्हाण्यातली काकीची ओळ

आमच्या देवबागच्या घरचं गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. नारळी पुनवेला होडी पाण्यात लोटण्याआधी बाबा हातात नारळ घेऊन वाळूत उभे राहायचे आणि देवाला हाक घालून घरादारासाठी मागणं मागायचे. मागची माणसं प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणायची. ते शिकायची रीत एकच, बापाच्या मागे उभं राहून वर्षानुवर्षं ऐकायचं. बाबा तसेच शिकले होते.

त्यात एक ओळ होती. "ह्या घरातलो जो झील दर्यात ऱ्हवलो, तेका तुझ्या पायाकडे जागा दी रे म्हाराजा." त्याआधी बाबा त्या झिलाचं, म्हणजे मुलाचं, नाव घ्यायचे, बापाच्या नावासकट. तो बाबांचा धाकटा भाऊ, आमचा काका. माझा भाऊ पाळण्यात असताना तो होडी घेऊन गेला, तो परत आला नाही. आम्हा पोरांना तो नुसता काका. काकीने तर नवऱ्याचं नाव न घेण्याची रीत तो गेल्यावरही मोडली नाही. म्हणजे ते नाव मोठ्याने निघायचं ते वर्षातून एकदा, त्या वाळूत. काकी माडाला टेकून ऐकायची आणि ओळ संपली की पदर सारखा करून चुलीकडे वळायची. बाकीच्या गाऱ्हाण्याशी तिला काही कर्तव्य नव्हतं.

भावाने मालवणच्या बाजारात नेट कॅफे टाकला तेव्हा आम्हाला कोण अभिमान! नेट तेव्हा टेलिफोनच्या लाइनवर चालायचं. आधी ते यंत्र किंचाळायचं, मग पान एकेक पट्टी करत खाली उतरायचं. तोवर दारातल्या स्टुलावर बसलेले बाबा आणि गिऱ्हाईक यांच्या गप्पा रंगायच्या. एकदा एका मास्तरांनी विचारलं, "दुपारचं अंधारून आलं होतं, ते ग्रहण कुठल्या सालचं हो?" भाऊ शोधायला लागला आणि इकडे बाबा सुरू झाले. त्या वर्षी विहिरीवर माड पडला होता. माड पडला त्याच उन्हाळ्यात आतेचं लग्न झालं. आणि ग्रहणाच्या दिवशी सगळे दारं लावून बसले असताना काका अंगणात शेणाच्या पाण्याची बादली ठेवून तिच्यात सूर्य बघत होता आणि आजीच्या शिव्या खात होता! अशा वळणावळणाने साल सापडलं. पानावरही तेच निघालं. काकाची बादली मात्र पानावर नव्हती, ती मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मग ब्रॉडबँड आलं. आता बाबा विहिरीवरच्या माडापर्यंत पोचायच्या आत भाऊ स्क्रीन फिरवायचा. "ह्या बघा, गावला." उत्तर बरोबर असायचं, दर वेळी, आणि तेच वाईट होतं. चुकलं असतं तर बाबांना बोलायला जागा तरी राहिली असती. गिऱ्हाईक उत्तर घेऊन उठायचं, बाबा अर्ध्या वाक्यावर तोंड मिटायचे. हळूहळू ते दुकानात जाईनासे झाले. लोक म्हणायला लागले, म्हाताऱ्याची आठवण गेली. अजून ऐकलं की माझं डोकं फिरतं. आठवण कुठे गेली नव्हती. तिला बाहेर यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ आता कुणाकडे नव्हता, स्वतःच्या मुलाकडेसुद्धा.

तरी पुनवेला ते भावाला सांगायचे, "जरा मागे उभो ऱ्हव रे. कानार पडांदे."

"बाबानू, सगळा नेटार गावता. पाठ कित्याक करूचा?"

उभा राहायचा तो. हातात मोबाइल, नजर मोबाइलात आणि तोंडाने "व्हय म्हाराजा".

बाबा गेले. वर्ष सरल्यावर पुन्हा नारळी पुनव आली. मी माहेरी आले होते. मला गाऱ्हाणं येतं का, हे कुणी विचारलं नाही. बाईमाणसाने ते घालायचं नसतं, तिने नारळ पुसून द्यायचा असतो. मी नारळ पुसून दिला. भावाने खिशातून छापील कागद काढला आणि झकास, खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. दोन वाक्यांतच कळलं की हे डोंगराकडच्या कुठल्या तरी गावचं गाऱ्हाणं आहे. भाताच्या मळ्याची राखण कर, म्हणे. रानडुकरांचा उपद्रव होऊ देऊ नको. आमच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळू. मळा कुठला आणि डुक्कर कुठलं! मला वाटलं, आता कुणीतरी हसेल, कुणीतरी अडवेल. पण सगळे एका सुरात म्हणाले, "व्हय म्हाराजा."

कागद संपला. होडी लोटली. काकी माडापाशी तशीच उभी होती. सगळे परतले तेव्हा तिने भावाला हाक मारली.

"रे, माका नीट आयकाक नाय इला. तेंचा नाव घेतलंस मा?"

भावाने कागद पुन्हा वरून खाली पाहिला, उलटा करून पाहिला. मग चांगल्या मनानेच म्हणाला, कारण मनाने तो वाईट नाही, "ऱ्हवला गो काकी. फुडच्या वर्साक घालतंय. तू फक्त नाव काय ता सांग."

काकीचे ओठ हलले. इतक्या वर्षांत जे एकदाही उच्चारलं नव्हतं, ते आता तिच्याकडे मागितलं जात होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, मग खाली वाळूकडे.

मी सांगितलं नाव, बापाच्या नावासकट. भावाने ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. विसरू नये म्हणून.