टेकडीच्या पलीकडच्या उतारावर

ती टेकडी आजही डोळ्यांसमोरून हलत नाही. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या दक्षिणेला, एका गावाच्या पाठीशी. अलीकडे मेंढ्या चरतात, पलीकडे दाट झाडी आणि खडूची जुनी खाण. दिसायला इतकी गरीब, की तिथे माणूस मरेल असं कुणाच्या मनातही येऊ नये.

मी तेव्हा डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. स्टेशनला एका इंग्लिश बाईंचा फोन आला. त्या रोज कुत्र्याला घेऊन टेकडीवर जात. "एक इंडियन आजोबा मला रोज फाटकापाशी भेटतात, माझ्या कुत्र्यालाही नमस्ते करतात. या आठवड्यात दिसलेच नाहीत. त्यांचा मुलगा म्हणतो, इंडियाला परत गेले. पण मला बाय न म्हणता ते जाणार नाहीत." कंट्रोल रूमने ती नोंद माझ्याकडे सरकवली. माझं आडनाव मराठी, म्हणून मी!

आजोबा पुण्याचे. पुण्याच्या माणसाला सकाळी टेकडी लागतेच, इथेही त्यांनी ती शोधून काढली होती. मुलगा आयटीत. मी घरी गेलो, मराठीत बोललो, तशी मुला-सुनेची तोंडं आधी फुलली आणि लगेच उतरली. सुनेने चहा आणला.

"बाबा रविवारच्या फ्लाइटने गेले," मुलगा म्हणाला. विचारण्याआधीच एअरलाइन सांगितली, टर्मिनल सांगितलं. खरं बोलणारा माणूस जरा अडखळतो, आठवून बोलतो. हा घोकून बसला होता.

"बॅगेत काय काय दिलंत?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"अहो, माणूस पुण्याला चाललाय आणि चॉकलेटं नाहीत? कुणाचं पार्सल नाही?"

इथला मराठी माणूस इंडियाला निघाला की अख्ख्या व्हॉट्सॲप ग्रुपला आधी कळतं. कुणाच्या सासूची व्हिटॅमिन्स, कुणाची कागदपत्रं, 'एक छोटंसंच पाकीट आहे हो' म्हणत लोक दारात उभे राहतात. बॅग वजनकाट्यावर चढते, उतरते, पुन्हा चढते. या घरातून माणूस गेला आणि कुणाला पत्ताच नाही? छे!

"बरं, पोहोचल्याचा फोन कधी आला?"

सुनेने हातातला ट्रे खाली ठेवला. "सांगून टाक रे," ती नवऱ्याला म्हणाली, "आता तरी सांगून टाक!"

मग सगळं बाहेर आलं. आई गेल्यावर बाबांना पुण्यात एकटं कसं ठेवायचं, म्हणून इथे आणलं. व्हिजिटर व्हिसा संपला, तरी ठेवून घेतलं. मुलाचा स्वतःचा इथे कायम राहण्याचा अर्ज अडकलेला. बाबा टेकडीवरून परत आले नाहीत, तेव्हा पोलिसांना कळवलं तर सगळंच बोंबलेल, या भीतीने ही दोघं स्वतःच शोधत फिरली. तीही नेहमीच्या वाटेवर, गुपचूप. हाकसुद्धा मारली नाही. लोकांनी विचारलं असतं ना, कोण हरवलंय!

"अहो, आम्ही आधी जीव शोधतो, पासपोर्ट नाही!" मी ओरडलो. ओरडून आता काय उपयोग होता.

कुत्री घेऊन आमची माणसं टेकडीवर चढली. आजोबा पलीकडच्या उतारावर, खाणीच्या वरच्या झाडाला टेकून बसलेले सापडले. मफलर नीट गुंडाळलेला. खुब्याचं हाड मोडलं होतं, पण त्याने ते गेले नव्हते. थंडीने गेले. डॉक्टर म्हणाले, पडल्यानंतर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तरी जीव असणार. वेळेवर एक फोन आला असता तर म्हातारा वाचला असता. हे मी अहवालात लिहिलं आणि घरी येऊन जेवलो नाही.

आम्ही माहितीसाठी आवाहन केलं, तेव्हा फिरायला येणारा एक तरुण मास्तर स्टेशनला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने आजोबांना तिथे बसलेलं पाहिलं होतं. वाटेवरून त्याने विचारलं, सगळं ठीक ना? कुणाला बोलावू का? आजोबा हसले, अंगठा वर केला. "फाइन, फाइन. रेस्टिंग." तो पुढे गेला. सांगताना रडत होता बिचारा.

चौकशीत हे कधी ना कधी निघणारच होतं, म्हणून मुलाला मीच सांगितलं. 'फाइन, फाइन' ऐकताच त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आम्हीच पाठ करून घेतलं होतं, सर. कुणी काही विचारलं तर एवढंच बोलायचं, म्हणून."

खुब्याचं हाड मोडलेलं असताना बापाने लेकाचा शब्द पाळला. तीस वर्षं मी खाकी नाही, पण काळा गणवेश अंगावर वागवला. चोर पाहिले, खुनी पाहिले. भीतीइतकी माणसं कुणीच मारलेली पाहिली नाहीत.

निवृत्त झाल्यापासून मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो, की इंडियाहून आलेल्या आजी-आजोबांना गाठतो आणि सांगतो, "पडलात, हरवलात, तर जोरात ओरडा. व्हिसा गेला चुलीत!" ती हसतात, मान डोलावतात. आणि 'हो' म्हणण्याआधी मुलाकडे बघतात.