साबणाचा फेस आणि हरिदास भाऊजी

आमचे भाऊजी हरिदास गजभिये म्हणजे संशयाची खाण. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. हे साधं पाणीही फुंकून पीत. विहारात वंदनेला जाताना घरातल्या सगळ्यात झिजलेल्या चपला घालत, आणि ध्यानाला बसले तरी एक डोळा दाराकडे. मीराताईशी, म्हणजे माझ्या बहिणीशी, लग्न ठरत होतं तेव्हा त्यांनी माझ्या शाळेत येऊन माझी चौकशी केली होती. "होणारा साळा कसा हाये त्यावरून घर समजते," म्हणे. मी ते अजून विसरलेलो नाही.

धंद्यात मात्र हा स्वभाव शोभायचा. रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाण्यानं दगड कापायच्या मशिनी होत्या. तिकडे नव्या रायपुरात राजधानीच्या कचेऱ्या उभ्या राहत होत्या, त्यांच्या फरशीची ग्रॅनाइटची नक्षी इथं कापली जाई. बारीकशा भोकातून रेती मिसळलेलं पाणी अशा दाबानं सुटतं, की दगड बर्फीसारखा कापला जातो. ते पाणी अडवायचं नि सोडायचं काम व्हॉल्वचं. ते व्हॉल्व खोलून, झिजलेले सील बदलून, पुन्हा बसवायचं काम भाऊजींचं.

"व्हॉल्व बंद दिसते, असतेच असं नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मशीन चालवणारा भैय्यालाल "प्रेशर निकल गया" म्हणाला, की भाऊजी आधी त्याच्या तोंडाकडे बघत, मग दाबाच्या काट्याकडे, आणि दोघांवरही विश्वास न ठेवता स्वतः तपासत. भैय्यालालनं आवळलेला प्रत्येक नट ते पुन्हा बघत. स्वतः आवळलेला नट कोणी बघितलेला मात्र त्यांना खपत नसे. "मैंने कसा है ना?", म्हणजे मीच आवळलाय ना, म्हटलं की विषय संपला. सील लवकर गेलं तरी दोष भैय्यालालचा. "तो माणूस मुद्दाम करून राहिला," असं ते घरी येऊन सांगत.

जेवताना रोज एकच धडा.

"हे पाणी फटीतून निघते तं दिसत बी नाही. बोटात घुसते, वरून सुईएवढा ठिपका, अन् आतून हात सडते. लीक शोधाले हात नाही फिरवायचा, पुठ्ठा फिरवायचा. लागलं तं सरळ मोठा दवाखाना. दुखो की ना दुखो!"

शेवटचं वाक्य ताई वरण वाढता वाढता त्यांच्याआधीच म्हणून टाकायची.

जेवण झालं की वाटीत साबणाचा फेस करून तो गॅसच्या रेग्युलेटरला लावायचा आणि बुडबुडा येतो का ते वाकून बघायचं, हाही त्यांचा नेम. ताईनं बघितलेलं चालत नसे. लग्नापासून हा नेम कधी मोडला नव्हता.

एका शुक्रवारी तो मोडला. त्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. भाऊजी डावा हात खिशात घालूनच आले, तसेच जेवले आणि उठून खाटेवर जाऊन बसले. फेस नाही, रेग्युलेटर नाही. मला तर बरंच वाटलं. म्हटलं, चला, माणूस सुधारला. ताई मात्र ताटं तशीच ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"हात दाखवा."

"काहून?"

"दाखवा म्हणते ना!"

"काही नाही वं. टोचलं जरासं."

अंगठ्याशेजारच्या बोटावर लाल ठिपका होता, आणि बोट फुगून टरटरलं होतं.

"पाण्यानं?" ताईनं विचारलं. भाऊजींनी हात पुन्हा खिशात घातला.

"भैय्यालालच्या नटातून?" मी विचारलं. खरं सांगतो, संशयाचा रोग मलाही लागला होता.

"माझ्याच," भाऊजी खाली बघत म्हणाले. "मी आवळलेला नट कायले लीक होते, म्हणून सरळ बोट फिरवलं. पुठ्ठा नाही घेतला. आता कोण्या तोंडानं सांगू त्याले? सकाळपर्यंत उतरून जाईन सूज."

माझं डोकंच फिरलं. ज्या हातावर घर चालतं, तो हात हा माणूस लाज झाकायला घालवायला निघाला होता! जगावर संशय घेतला, फक्त स्वतःवर घ्यायचा राहिला. ताई चिडली नाही. तिनं पदर खोचला.

"दुखो की ना दुखो," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "अश्विन, स्कूटर काढ."

दवाखान्यात तिनं एका दमात सांगितलं, "डॉक्टर साहब, मशीन का पानी घुसा है, बहुत प्रेशर का. ऊपर से नहीं दिखता." डॉक्टरांनी बोट दाबून पाहिलं आणि लगेच आत नेलं. तळव्यापर्यंत चिरून आतलं सगळं धुवून काढावं लागलं. "सुबह तक रुकते तो हाथ नहीं बचता," ते बाहेर येऊन म्हणाले, तेव्हा ताई पहिल्यांदा रडली.

हात वाचला. ते बोट मात्र वाकेनासं झालं. अजूनही कोणावर तरी आळ घेतल्यासारखं ताठ असतं. भैय्यालाल सीताफळं घेऊन भेटायला आला होता. भाऊजींनी ती हुंगून न बघता खाल्ली.

घरी आल्यावर पहिल्याच दिवशी, जेवण झाल्याबरोबर ते स्वयंपाकघरात गेले. एका हातानं कसाबसा फेस केला, रेग्युलेटरला लावला, वाकून पाहिलं. बुडबुडा नव्हता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, असं मी म्हणणारच होतो. तेवढ्यात भाऊजी बाजूला सरकले आणि त्यांनी ताईला हाक मारली.

"मी पाह्यलं," ते म्हणाले. "आता तू पाह्य."